बीटल चालू झाली म्हणजे टायमिंग लागलं?

बेळगाव, निपाणी, कोल्हापूरपासून खाली गोव्यापर्यंत जुन्या गाड्या पाळणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतोय. ‘बीटलचा डिस्ट्रिब्यूटर दहा मिनिटांत बसवा’ असा मथळा. (बीटल म्हणजे फोक्सवॅगनची मागं इंजिन असलेली जुनी गाडी. डिस्ट्रिब्यूटर म्हणजे चारही सिलिंडरना पाळीपाळीनं ठिणगी वाटणारा भाग. पिस्टन वर येण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते टायमिंग.) आत सूचना अशा: डिस्ट्रिब्यूटर सुलटा-उलटा कसाही बसतो, नेम नाही, म्हणून आधी बसवून टाका. एक नंबर सिलिंडर म्हणजे पॅसेंजरच्या बाजूचा पुढचा. पुलीवरची खूण वर आली की एक नंबर फायरिंगवर. उलटं फायर करत असेल तर वायरी समोरासमोर बदला. मग कानानं ऐकत डिस्ट्रिब्यूटर फिरवा, इंजिन सगळ्यात जास्त रेस होईल तिथं आवळा. टायमिंग लाइट (ठिणगीच्या क्षणी चमकून पुलीची खूण दाखवणारा दिवा) वापरायचाच असेल तर सगळ्या बीटलना साडेसात अंश. पॉइंटचा (डिस्ट्रिब्यूटरमधले जे संपर्क उघडले की ठिणगी पडते त्यांचा) गॅप सवडीनं बघा. व्हॅक्यूमच्या (इंजिनाच्या ओढीवर टायमिंग हलवणाऱ्या) नळ्यांचा त्रास नको असेल तर ००९, म्हणजे बॉशचा व्हॅक्यूम नसलेला डिस्ट्रिब्यूटर, घाला. आणि शेवटी ठळक अक्षरांत एकच ओळ: ‘गाडी चालू झाली म्हणजे टायमिंग बरोबर.’

ही शेवटची ओळच आधी घेतो, कारण बाकीच्या सगळ्या सूचना तिच्या जोरावर उभ्या आहेत. आपल्याकडच्या गॅरेजांतही हेच ऐकू येतं, ‘गाडी सुरू होऊलालीय न्हवं, मग आणि काय पायजे?’ अडचण अशी की बीटलचं इंजिन फार सोशिक आहे. टायमिंग पाच-सात अंशांनी पुढं-मागं असलं तरी ते चालू होतं, स्लोवर बरं फिरतं, बेळगावात टिळकवाडीतून कॅम्पपर्यंत जाऊन येतं. भार पडतो तो गोव्यातल्या साखळीहून चोर्ला घाट चढताना. समुद्रसपाटीच्या जवळून अडीच हजार फुटांपर्यंतची चढण, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर, वेग कमी, वारा नाही. या इंजिनात पाणी नाही; पंखा जनरेटरच्या शाफ्टवर, आणि तो फिरतो क्रँकच्या पुलीवरच्या पट्ट्यानं. इंजिन जितकं हळू फिरेल तितकी हवा कमी. म्हणजे वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत चढवलं तर उष्णता सगळ्यात जास्त तयार होते आणि हवा सगळ्यात कमी मिळते. टायमिंग बरोबर आहे की नाही हे तिथं ठरतं. घरासमोर चावी फिरवून फक्त बॅटरी जिवंत आहे एवढं कळतं.

आता एकेक मुद्दा. बोलणं टाइप वन इंजिनाबद्दल आहे, म्हणजे नेहमीच्या बीटलचं १२०० ते १६०० सीसीचं.

‘डिस्ट्रिब्यूटर सुलटा-उलटा कसाही बसतो.’ बसत नाही. डिस्ट्रिब्यूटरच्या बुडाला जे दोन दात आहेत ते मध्यावर नाहीत, एका बाजूला सरकलेले आहेत. खाली इंजिनात जो ड्राइव्ह शाफ्ट उभा आहे त्याच्या डोक्यावरची खाचही तशीच मध्यापासून सरकलेली. एका बाजूला मोठा तुकडा, दुसऱ्या बाजूला लहान. त्यामुळं डिस्ट्रिब्यूटर एकाच रीतीनं खाली उतरतो. चुकीच्या बाजूनं घातला तर वर अडून राहतो. रोटर (आतला फिरणारा हात) हातानं फिरवत हलका दाब दिला की योग्य जागी आपोआप खाली बसतो. तो अडला म्हणून हातोडीच्या दांड्यानं ठोकणारे लोक आहेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

उलटं बसू शकतं ते डिस्ट्रिब्यूटर नव्हे, खालचा ड्राइव्ह शाफ्ट. इंजिन कधीकाळी उघडलेलं असेल आणि बंद करताना शाफ्ट नीट लावला नसेल तर. हे तपासायला शाफ्ट काढावा लागत नाही. एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर (हवा दाबत) वर आणायचा, डिस्ट्रिब्यूटर काढायचा आणि टॉर्च मारून खाली बघायचं: खाच क्रँककेसच्या दोन अर्ध्या भागांच्या सांध्याला काटकोनात आणि लहान तुकडा पुलीकडं. (टाइप थ्री इंजिनात हा कोन वेगळा असतो, तिथं हे माप लावू नका.) बघताना शाफ्टच्या डोक्यात बसलेली छोटी स्प्रिंग जपा, ती बऱ्याचदा डिस्ट्रिब्यूटरच्या तेलाला चिकटून वर येते आणि नको तिथं पडते.

संदेशानं इथं न सांगितलेली एक गोष्ट मात्र सांगायला हवी. खाच चुकीची दिसली म्हणून लगेच शाफ्ट ओढू नका. त्याच शाफ्टवर पेट्रोल पंप ढकलणारा एक्सेंट्रिक आहे, म्हणून आधी पंप आणि त्याची पुशरॉड काढावी लागते. आणि शाफ्टच्या खाली थ्रस्ट वॉशर असतो. शाफ्ट ओढताना तो सुटून केसमध्ये गेला तर नशिबानं चुंबकाला लागतो, नाहीतर इंजिन खाली उतरतं. हे काम रविवारी दुपारी अंगणात करायचं नाही.

डिस्ट्रिब्यूटर नुसता साफसफाईला काढायचा असेल तर एक सोपी गोष्ट आहे, आणि दहा मिनिटांचा दावा तेवढ्यापुरता खराही ठरतो. क्लॅम्पवर दोन नट-बोल्ट आहेत. एक क्लॅम्पला डिस्ट्रिब्यूटरच्या गळ्यावर आवळतो, दुसरा तेरा नंबरचा नट क्लॅम्पला केसवर धरतो. केसवरचा नट काढून डिस्ट्रिब्यूटर क्लॅम्पसकट वर उचला, गळ्याचा बोल्ट अजिबात हलवू नका. परत बसवताना दात एकाच रीतीनं बसणार, क्लॅम्प एकाच जागी बसणार, टायमिंग होतं तिथंच राहतं. गळ्यावरची रबरी रिंग कडक झाली असेल तर बदलून टाका, नाहीतर तिथून तेल झिरपत राहतं.

‘एक नंबर म्हणजे पॅसेंजरच्या बाजूचा पुढचा.’ ही सूचना कुठून आली ते उघड आहे. जिथं स्टिअरिंग डावीकडं असतं तिथल्या माणसानं लिहिलेलं कुणीतरी जसंच्या तसं उचललं. एक नंबर उजवीकडचा पुढचा, आणि आपल्याकडं उजवीकडं ड्रायव्हर बसतो. संदेशाप्रमाणं पॅसेंजरच्या बाजूला गेलात तर हात लागतो तीन नंबरला. पुढचा म्हणजे गाडीच्या तोंडाकडचा, फ्लायव्हीलजवळचा. मागून झाकण उघडून वाकल्यावर जो जवळ दिसतो तो नव्हे. उजवीकडं पुढं एक, मागं दोन. डावीकडं पुढं तीन, मागं चार. फायरिंग ऑर्डर (ठिणगीचा क्रम) १-४-३-२, आणि कॅपमध्ये वरून बघितल्यावर रोटर घड्याळाच्या दिशेनं फिरतो.

आपल्या भागातले जाणते मेस्त्री अ‍ॅम्बॅसिडरवर हात बसवून मोठे झाले. तिथं १-३-४-२, आणि रोटर घड्याळाच्या उलट. सवयीनं त्याच क्रमानं वायरी लावल्या की बीटल सायलेन्सरमधून बार काढते आणि मग दोष कार्बोरेटरवर जातो.

‘पुलीवरची खूण वर आली की एक नंबर फायरिंगवर.’ अर्धंच खरं. एक आणि तीन हे दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर येतात. एक कॉम्प्रेशनवर असेल तर दुसरा एक्झॉस्ट संपवत असतो. क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा डिस्ट्रिब्यूटर एक फिरतो, म्हणून पुलीची खूण प्रत्येक आवर्तनात दोनदा वर येते आणि त्यातली एकच वेळ आपल्या कामाची. ओळखायचं कसं? प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा, हवा बाहेर ढकलली गेली तर कॉम्प्रेशन. किंवा उजवीकडचं टॅपेट कव्हर काढा: एक नंबरचे दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) हाताला ढिले लागले पाहिजेत. डिस्ट्रिब्यूटर जागेवर असेल तर त्याच्या बॉडीच्या कडेला एक बारीक खाच असते. रोटरचं टोक त्या खाचेसमोर आलं की एक नंबरची वेळ. पण हे शेवटचं, खालचा शाफ्ट बरोबर बसलाय हे माहीत असेल तरच.

शिवाय ‘खूण’ म्हणजे कोणती? पुल्या एकसारख्या नाहीत. काहींवर एक खाच, काहींवर दोन, काहींवर तीन, आणि जुन्या गाड्यांवर कधी बदललेल्या बाजारू पुल्या. दोन खाचा असलेल्या कित्येक पुल्यांवर त्या साडेसात आणि दहा अंशांच्या असतात, शून्याची खूण नसतेच. मागून बघताना पुली घड्याळाच्या दिशेनं फिरते, म्हणून उजवीकडची खाच सांध्यासमोर आधी येते. ती जास्त अ‍ॅडव्हान्सची, म्हणजे जास्त लवकरच्या ठिणगीची. पुलीवर विश्वास नसेल तर कागदी टेपची एक पट्टी पुलीच्या परिघाभोवती एक वेढा गुंडाळून कापा, तिचे बारा सारखे भाग पाडा. एक भाग म्हणजे तीस अंश, त्याचा पाव म्हणजे साडेसात. शून्य शोधायला प्लगच्या भोकातून लाकडी काडी घालून पिस्टनचा सगळ्यात वरचा बिंदू बघा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत दिवसभर मायक्रॉन मोजणारी आपली माणसं. त्यांना हे शिकवायला नको. आणि तीच माणसं रविवारी स्वतःच्या गाडीचं टायमिंग कानानं लावतात.

‘उलटं फायर करत असेल तर वायरी समोरासमोर बदला, फरक पडत नाही.’ सगळ्या संदेशात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या ओळीची, कारण करून बघितलं तर गाडी खरंच चालू होते. शाफ्ट अर्धा फेरा चुकलेला असेल तर वायरी समोरासमोर बदलून प्रत्येक सिलिंडरला त्याच्या वेळेला करंट मिळतो. पण सगळ्यांना सारखा वेळेवर नाही.

कारण सांगतो. जुन्या बीटलमध्ये ऑइल कूलर पंख्याच्या पत्र्याच्या आतच, डाव्या बाजूला उभा असतो. पंख्याची हवा त्याच्यातून गरम होऊन आणि कमी होऊन मग तीन नंबरवर पोहोचते. म्हणून तीन नंबर बाकीच्यांपेक्षा तापतो. कंपनीनं यावर एक उपाय केला: त्या काळच्या अनेक बॉश डिस्ट्रिब्यूटरांत पॉइंट उघडणाऱ्या कॅमचा तीन नंबरचा लोब (उंचवटा) मुद्दाम थोडा मागं ठेवला. क्रँकच्या हिशेबानं साधारण तीन-चार अंश. तीन नंबरला ठिणगी जरा उशिरा, म्हणजे उष्णता जरा कमी. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर पत्र्याच्या बाहेर वेगळ्या खोक्यात गेला आणि मूळ दुखणंच कमी झालं. पण आपल्याकडं ज्या बीटल आहेत त्यातल्या बऱ्याच त्याआधीच्या.

आता वायरी समोरासमोर बदला. १-४-३-२ मध्ये एकच्या समोर तीन. मागं ठेवलेला लोब आता एक नंबरसाठी काम करायला लागतो. तुम्ही टायमिंग लावणार एक नंबरवर, साडेसात अंश. तो लोब मुळातच उशिराचा, म्हणजे बाकीचे तीन सिलिंडर आपोआप तीन-चार अंश लवकर जातात. तीन नंबर, ज्याला साधारण चार अंशांवर ठेवायचं होतं, तो अकराच्या आसपास फायर करतो. सगळ्यात तापणाऱ्या सिलिंडरला सगळ्यात लवकर ठिणगी. आणि पॅसेंजरच्या बाजूचा एक नंबर समजून तीनच्या वायरीवर लाइट लावला तरी हिशेब तसाच बिघडतो: तीन साडेसातवर, बाकीचे अकरावर. असं इंजिन बेळगावात वर्षभर कुरकुर न करता फिरेल.

तुमच्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये असा मागचा लोब आहे की नाही ते बघायला टायमिंग लाइट एकदा एकच्या वायरीवर आणि एकदा तीनच्या वायरीवर लावा. पुलीची खाच दोन्ही वेळा एकाच जागी दिसली तर नाही. तीनला सरकली तर आहे.

‘कानानं ऐकत फिरवा, जास्तीत जास्त रेस होईल तिथं आवळा.’ स्लोवर, भार नसताना, टायमिंग पुढं नेत गेलं की इंजिनाचा वेग वाढत जातो. कंपनीनं सांगितलेला आकडा मागं टाकून तो बराच पुढंपर्यंत वाढतो. म्हणजे ही रीत प्रत्येक वेळी एकाच बाजूला चुकते, लवकरच्या बाजूला. त्यावर इंजिन रेस झालं की डिस्ट्रिब्यूटरमधली, वेगाबरोबर बाहेर फेकली जाणारी वजनं टायमिंगमध्ये स्वतःची भर घालतात. ००९ मध्ये ही भर वीस अंशांच्या वर असते. कानानं स्लोवर अठरा ठेवलेत तर हायवेवर चाळीसच्या घरात पोहोचलात. ००९ ला एकूण २८ ते ३२ अंशांच्या पुढं न्यायचं नसतं, आणि तेही तीन हजारांच्या वर फेरे असताना मोजून.

कानाच्या बाजूनं एक युक्तिवाद होतो, की टायमिंग जास्त झालं तर इंजिन नॉक करेल (आतून ठोक्यांचा आवाज काढेल) आणि कळेल. वॉटर-कूल्ड गाडीत बहुतेक वेळा कळतं. बीटलमध्ये पंख्याचा आवाज इतका की नॉकिंग सुरू झालेलं मागच्या सीटवरच्या माणसालाही ऐकू येत नाही. तवंदी घाटात ते सुरू झालं तरी निपाणीत उतरेपर्यंत तुम्ही गाणी ऐकत असता. कळतं ते नंतर: पिस्टनच्या डोक्यावर खड्डे, हेडला चीर, मॅग्नेशियमच्या केसमधून आट्यांसकट उपटलेले हेडचे स्टड.

लाइट नसेल तर? संदेश लाइटशिवाय काम होतं म्हणतो ते बरोबर आहे, फक्त त्यानं सांगितलेल्या रीतीनं नव्हे. बारा व्होल्टचा एक इंडिकेटरचा बल्ब पुरतो (गाडी सहा व्होल्टची असेल तर सहाचा). इंजिन थंड. पॉइंटचा गॅप आधीच लावलेला. जनरेटरच्या पुलीच्या नटाला एकवीसचा पाना लावून इंजिन घड्याळाच्या दिशेनं फिरवा आणि हवी ती खाच केसच्या सांध्यासमोर आणा, रोटर बॉडीच्या खाचेकडं. खूण ओलांडली गेली तर मागं फिरवू नका, पूर्ण फेरा मारून परत या. गिअरमधला खुळखुळ हिशेबात येऊ देऊ नका. बल्बची एक वायर कॉइलच्या १ नंबरच्या टोकाला, जिथून डिस्ट्रिब्यूटरकडं बारीक वायर जाते. दुसरी इंजिनच्या अंगाला. इग्निशन ऑन करा. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला असतो, उघडले की पेटतो. क्लॅम्पच्या गळ्याचा बोल्ट ढिला करून बॉडी घड्याळाच्या दिशेनं फिरवा, बल्ब विझेल. मग अगदी सावकाश उलटं फिरवा आणि पेटला त्या क्षणी थांबून आवळा. आवळताना बॉडी सरकते, म्हणून परत एकदा इंजिन फिरवून बघा. काम झालं की इग्निशन बंद. पॉइंट मिटलेले असताना चावी तशीच ठेवली तर कॉइल तापते. ज्या डिस्ट्रिब्यूटरना थांबलेल्या इंजिनावरचा आकडा दिलेला आहे त्यांना एवढं पुरतं. एवढ्यानं तुमच्या शाफ्टची झीज किंवा वजनांचं अडकणं कळणार नाही, त्याला लाइटच लागतो.

‘पॉइंटचा गॅप सवडीनं.’ क्रम उलटा आहे. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग पुढं जातं. कमी झाला की मागं. टायमिंग लावून मग गॅप बदलला तर टायमिंग पुसलंच. आधी ०.४ मिलिमीटर, फीलर गेजनं, फायबरचा ठोकळा लोबच्या टोकावर असताना, मग टायमिंग. ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते मोजणारं) असेल तर नव्या पॉइंटला ४४ ते ५० अंश. कॅमला बोटभर नव्हे, राईएवढं ग्रीस. आणि शाफ्ट हातानं आडवा हलत असेल तर आधी बुश बदलून घ्या, तोवर गॅप मोजण्यात अर्थ नाही.

‘००९ घाला, व्हॅक्यूमची कटकट संपते.’ ००९ वाईट नाही. चांगली साधी चीज आहे. पण त्यात फक्त वजनं आहेत, व्हॅक्यूम नाही. मूळ व्हॅक्यूमच्या डिस्ट्रिब्यूटरसाठी जुळवलेल्या कार्बोरेटरवर तो घातला की अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर अडखळते. वडगावच्या चौकात सिग्नल सुटल्यावर मागचे हॉर्न वाजवतात तो हाच क्षण. पुष्कळदा तो घालवायला लोक टायमिंग आणखी पुढं नेतात आणि मग वरचं चाळीस अंशांचं प्रकरण सुरू होतं. व्हॅक्यूमचा डबा फुटला असेल तर नळीला तोंड लावून ओढून बघा, आतली प्लेट हलते की नाही. हलत नसेल तर डबा बदलता येतो, अख्खा डिस्ट्रिब्यूटर टाकायची गरज नाही.

राहिलं ‘सगळ्या बीटलना साडेसात अंश’. १३०० आणि १५०० च्या बऱ्याच इंजिनांना चालतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या १२०० ला दहा. आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या काही १६०० ना, ज्यांच्या व्हॅक्यूमच्या डब्याला दोन नळ्या आहेत, स्लोवर नळ्या लावलेल्या ठेवून पाच अंश नंतर, म्हणजे पिस्टन वर येऊन गेल्यावर. तिथं साडेसात आधी लावलेत तर साडेबारा अंशांची चूक. त्यातून आपल्याकडच्या गाड्यांचे डिस्ट्रिब्यूटर इतक्यांदा बदललेले असतात की आरसी बुकावरचं साल बघून आकडा ठरवण्यात काही राम नाही. आकडा डिस्ट्रिब्यूटरचा असतो. बॉडीवरचं ग्रीस पुसा, बॉशचा नंबर वाचा. ००९ असेल तर तो ० २३१ १७८ ००९ असा असतो. मग त्या नंबरचं माप शोधून त्यावर लावा.